नागपूरहून फ्लोरिडाला जाऊन वाकुला स्प्रिंग्जची बोट टूर करावी का?

नक्की करा जी. तुम्ही म्हणता मुलाकडे टॅलाहासीला चाललो, पण एवढ्या दूर जाऊन झरा काय पाहायचा, तर हा आपल्या डोंगरातल्या झऱ्यासारखा नाही ना, चुनखडीच्या खोल गुहांमधून इतकं पाणी वर येतं की तिथूनच अख्खी वाकुला नदी सुरू होते. टॅलाहासीहून गाडीने अर्धा तास.

बोट पाऊण तासाच्या आसपास फिरवते. काठावर अ‍ॅलिगेटर ऊन खात पडलेले, अगदी जवळून दिसतात, आणि पंख पसरून वाळवत बसलेला अ‍ॅनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंदच, पेंचच्या जंगलात कोलितमाऱ्याला बोटिंग केलं असेल तर लगेच ओळखाल. जमलं तर थंडीतच जा, कारण झऱ्याचं पाणी बाराही महिने 21 अंशांच्या आसपास असतं म्हणून समुद्राकडचे मॅनटी, म्हणजे समुद्रगाई, उबेसाठी तिकडे येतात, एवढा मोठा शांत प्राणी बोटीशेजारून जातो तेव्हा बोलणंच बंद होतं. काचेच्या तळाच्या बोटीची आशा मात्र ठेवू नका, पाणी आता बहुतेक वेळा चहासारखं तपकिरी असतं, जुनं नितळपण गेलं याचं फार वाईट वाटतं. दुर्बीण न्याच.