विनापरवाना खरेदी शाबीत करताना

मडगावात बसून मुंबई प्रांताचा 1939 चा, आता रद्द झालेला शेतमाल बाजार कायदा वाचतोस, तर आधी एक पक्कं कर: गोव्यात 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्याआधीच्या इथल्या सौद्याला तो लावू नकोस. खटला 1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या बेळगावकडचा असेल तर कायदा कुठे, कशाला लागू ते सांगणाऱ्या सरकारी अधिसूचनेत माल नि क्षेत्र दोन्ही शोध.

खरी मेख ‘खरेदी’ या शब्दात. ठरलेला माल विक्रेत्याने तोलून किंमत काढायची असेल, तर 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 22 प्रमाणे वजन होऊन घेणाऱ्याला ते कळेपर्यंत मालकी जात नाही. म्हणून काट्याच्या चिठ्ठीवरची तारीख, जागा, सही डोळ्यांत तेल घालून बघ. नुसत्या हिशेबवहीवर विसंबलास तर 1872 च्या पुरावा कायद्याचं (जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला) कलम 34 आडवं यायचं: एकट्या वहीच्या नोंदी कुणावर जबाबदारी टाकायला पुरत नाहीत. परवाना होता हे मात्र त्याच कायद्याच्या कलम 106 मुळे (जी गोष्ट ज्याला खास ठाऊक, ती त्यानेच शाबीत करायची) आरोपीनेच दाखवायचं. त्यातलं रेल्वे तिकिटाचं उदाहरण नीट वाच.