हॉटेलात वाढलेल्या पोरांना धंद्याची खरंच आवड लागते का?

तुमचा प्रश्न असा की तालुक्याला घरचं हॉटेल आहे, बी.कॉम. झालंय, धंद्याची ओढ वाटते. ती आवड की नुसती सवय? आणि त्याच हॉटेलात राहायचं की वेगळं काही काढायचं?

कपबशा विसळून आवड लागत नाही. माझे चुलतभाऊ माझ्याइतकेच भट्टीपाशी वाढले, आज त्यांना हॉटेलचं नावही नको. त्यांना फक्त राबवलं. मला बाबांनी गल्ल्यावर बसवलं.

आमचं हॉटेल पांढरकवड्याच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. तेव्हा तो सात नंबरचा हायवे होता, आता 44 आहे. सकाळी तर्री-पोहे, आलूबोंडे. दुपारी झुणका, पातोडी-रस्सा. दहावीच्या सुट्टीत बाबा टायफॉइडनं पडले आणि गल्ल्याची चावी त्यांनी माझ्याकडे दिली. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भडकले, "पोरीले गल्ल्यावर कायले बसवतं बे?" बाबांनी चावी परत मागितली नाही.

भट्टीपाशी होते तोवर मला फक्त ऑर्डरी ऐकू यायच्या. गल्ल्यावर बसल्यावर काही न मागता जाणारी माणसं दिसायला लागली. बाजाराच्या दिवशी बाया, हमाल फडक्यात भाकरी बांधून आणायचे, आमच्या ओट्यावर टेकायचे, पाणी मागून घ्यायचे आणि भाकर ठेच्यासोबत कोरडीच खायचे. थाळी परवडत नव्हती, आणि भाकर तर घरूनच आणलेली. मी बाबांना म्हटलं, यांना नुसता रस्सा विकू, वाटीच्या भावानं. मोठे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकं घरून भाकर आणतीन न तू त्यायले पाणी इकशीन?"

पुढच्या बाजाराला दुपार कलायच्या आत पातेलं रिकामं झालं. मोठ्या बाबांना भीती होती की थाळीवाले पण वाटीवर येतील. एकही आला नाही. ट्रकवाल्याला गरम पोळी-भात लागतो, तो भाकर बांधून फिरत नाही. उलट रस्सा घेणारे नंतर चहा घ्यायला लागले, पोरांसाठी आलूबोंडे बांधून न्यायला लागले. त्या रात्री मला झोप लागली नाही. उद्या अजून काय विकता येईल हेच डोक्यात. तुम्हाला असं होत असेल तर ती सवय नाही.

दुसरी शाळा म्हणजे उधारीची वही. आपल्याकडे पेरणीपासून पहिल्या वेच्याचा कापूस विकेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते. मोठे बाबा म्हणायचे, उधारी म्हणजे धंद्याची वाळवी, वही बंद करा. मी म्हणते, कोणाचा कापूस कधी घरात येतो, कोण शब्दाला पक्का आहे, ही माहिती तालुक्यातल्या कोणत्याच बँकेकडे नाही; ती फक्त त्या वहीत असते. पुढे मी भिवापुरी मिरचीचा रस्सा मसाला काढला, तेव्हा पहिली पाकिटं वहीतल्या नावांनाच गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एमबीएच्या मागे लागू नका. वडिलांकडून गल्ला मागा आणि पगारही मागा. फुकट राबणाऱ्या पोराचं मत कोणी विचारत नाही. तुम्हाला दिलेला गल्ला काका-मामा परत घ्यायला लावत असतील, तर वडिलांना हे उत्तर वाचायला द्या.

हॉटेल की वेगळं, हे तुमचं गिऱ्हाईक पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. मसाला, पापड, लोणचं असं काही काढणार असाल तर 2020 साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान धरलेलं आहे. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, हातात रोख मिळत नाही, आणि निदान 10 टक्के पैसे स्वतःचे घालावे लागतात. आत्ताची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, एजंटाला पैसे देऊ नका.

आणि हो, उधारीला वरची हद्द हवीच; कोणालाही एका हंगामापलीकडे देऊ नका. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा आमची वही भरलेलीच राहिली, मोठे बाबा अजून त्या वर्षाचा विषय काढतात. पण त्यातल्या बहुतेकांनी पुढच्या कापसावर पैसे आणून दिले, आणि आज बाजाराला आले की जेवायला आमच्याकडेच येतात. हे मात्र मोठे बाबा कधी सांगत नाहीत.