जमिनीखालच्या तेल-वायूचा अंदाज सरकार कसा बांधते?

भारतात सुमारे 42 अब्ज टन तेल-वायू असताना आपण 80 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात का करतो आणि हा आकडा काढतात तरी कसा, असे तुम्ही विचारले आहे. या 42 अब्ज टनांना ‘साठा’ समजणे हीच यातली मूळ गफलत आहे आणि वर्तमानपत्रेही ती सर्रास करतात.

ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि हायड्रोकार्बन महासंचालनालय यांनी मिळून केलेल्या 2017 च्या फेरमूल्यांकनात देशातील 26 गाळखोऱ्यांत (गाळाचे खडक साचलेल्या भूभागांत) 41.87 अब्ज टन तेलतुल्य (वायूचेही तेलाच्या प्रमाणात रूपांतर करून मोजलेली) संसाधने असल्याचा अंदाज निघाला. खडकात मुळात जेवढे असेल त्याचा हा अंदाज आहे आणि त्यातील जेमतेम 12 अब्ज टनांचाच प्रत्यक्ष शोध लागलेला आहे. साठा म्हणजे शोध लागलेल्यापैकी आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात काढणे परवडेल, पण अजून काढलेला नाही, असा भाग. 31 मार्च 2022 रोजी कच्च्या तेलाचा असा साठा सुमारे 65 कोटी टन होता.

शोध लागलेल्या क्षेत्राचे गणित दिसायला सोपे असते. समजा, भूकंपीय सर्वेक्षणातून (जमिनीत लहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून) तेलधारी थराचा विस्तार 10 चौरस किलोमीटर दिसला आणि विहिरीत उतरवलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून जाडी 20 मीटर, सच्छिद्रता (खडकातील छिद्रांचा हिस्सा) 20 टक्के आणि छिद्रांतील तेलाचे प्रमाण 70 टक्के (उरलेले पाणी) असे ठरले. वर येताना तेलातला वायू निघून जाऊन ते आकसते, म्हणून या साऱ्यांच्या गुणाकाराला 1.3 ने भागायचे. उत्तर येते साधारण 2 कोटी 15 लाख घनमीटर. त्यातले 30 टक्के हाती लागेल असे धरले, तर उरतात 65 लाख. आता सच्छिद्रता 20 ऐवजी 15 टक्के धरून पाहा, पाव हिस्सा कागदावरच नाहीसा होतो! अशा नोंदी वाचण्याचे काम मी केले आहे. मुंबई हायसारख्या चुनखडकात तर एकाच थराची सच्छिद्रता थोड्या अंतरावर पालटते. म्हणूनच एक आकडा न देता संभाव्यतेनुसार तीन दिले जातात: किमान तेवढे निघण्याची शक्यता पहिल्यासाठी 90, दुसऱ्यासाठी 50 आणि तिसऱ्यासाठी 10 टक्के.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-6 या वायू गटाचे (ब्लॉकचे) उदाहरण यासाठी बोलके आहे. तेथून दिवसाला 8 कोटी घनमीटर वायू मिळेल असा आराखडा 2006 मध्ये मंजूर झाला. उत्पादन 2010 मध्ये 6 कोटींच्या आसपास गेले आणि मग पुढची बरीच वर्षे घसरत राहिले. तो गट चालवणाऱ्या रिलायन्स कंपनीने भूगर्भाकडे बोट दाखवले, तर सरकारने पुरेशा विहिरी न खोदल्याचा ठपका ठेवला. साठ्याचा अंदाज मात्र मोठ्या प्रमाणात खाली आणावा लागला.

जिथे विहिरीच विरळ आहेत, तिथे मूळ खडकात (ज्यात तेल तयार होते) सेंद्रिय कार्बन किती, तो किती तापला आणि त्यातून निघालेले तेल कुठे अडकले असेल, याचे प्रतिमान मांडतात किंवा सारख्या भूरचनेच्या परिचित खोऱ्यावरून अनुमान करतात. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग ज्यात येतो, ते दख्खन सिनेक्लाइज खोरे याच वर्गातले आहे. तेथील गाळाचे खडक बेसॉल्टच्या जाड थरांखाली झाकलेले असून त्या थरांतून भूकंपीय लहरींचे स्पष्ट चित्र मिळणे कठीण जाते. अशा खोऱ्यांचे आकडेही 42 अब्ज टनांत मिळवलेले आहेत. त्यामुळे त्या बेरजेला वार्षिक खपाने भागून ‘इतकी वर्षे पुरेल’ असे काढलेले उत्तर मी तरी ग्राह्य धरणार नाही.