वाचक विचारतात : ‘बॅक टू ब्लॅक’ नक्की वाजवला कोणी?

पॉप-सोलवरच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल गायकीतून आलेल्या पॉपवरच्या) आमच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या एकाच अल्बमबद्दल आहेत. 27 ऑक्टोबर 2006 रोजी आयलँड रेकॉर्ड्सने काढलेला ‘बॅक टू ब्लॅक’. गायिकेबद्दल भरपूर छापून आलं आहे, म्हणून इथे फक्त तिच्या मागे उभ्या असलेल्या मंडळींविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

या अल्बमवर दोन निर्मात्यांची नावं आहेत. कोणतं गाणं कोणाचं, हे नुसतं ऐकून ओळखता येईल का? (एक वाचक, नाशिक)

येईल, आणि फार अवघडही नाही. आधी वाटणी सांगतो. मार्क रॉन्सनकडे सहा गाणी : ‘रिहॅब’, ‘यू नो आय अ‍ॅम नो गुड’, ‘बॅक टू ब्लॅक’, ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’, ‘वेक अप अलोन’ आणि ‘ही कॅन ओन्ली होल्ड हर’. उरलेली पाच सलाम रेमीची : ‘मी अँड मिस्टर जोन्स’, ‘जस्ट फ्रेंड्स’, ‘टिअर्स ड्राय ऑन देअर ओन’, ‘सम अनहोली वॉर’ आणि ‘अ‍ॅडिक्टेड’.

कान ड्रम्सवर ठेवा. रॉन्सनच्या गाण्यांत ड्रम्स सहसा एकटे ऐकू येत नाहीत. त्यांच्याभोवती खोली ऐकू येते, पियानो आणि गिटार त्यात थोडे सांडलेले असतात, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर खंजिरी किंवा टाळी बसलेली असते. रेमीचे ड्रम्स कोरडे, जवळचे आणि टोकदार. तो हिप-हॉपमधून आलेला माणूस. फ्यूजीज गटाचं ‘फू-जी-ला’ आणि रॅपर नासचं ‘मेड यू लुक’ त्याचीच कामं. एमीच्या 2003 च्या ‘फ्रँक’ या पहिल्या अल्बमवरही तो होता, त्यामुळे तिच्या आवाजाची त्याला आधीपासून सवय होती. ‘जस्ट फ्रेंड्स’मधला जमैकन ठेका किंवा ‘मी अँड मिस्टर जोन्स’मधला 1950 च्या दशकातल्या कोरस-गटांचा बाज रॉन्सनच्या गाण्यांत सापडणार नाही.

वादकही वेगळे. रेमीने मायामीतल्या आपल्या इन्स्ट्रुमेंटल झू स्टुडिओत मोजक्या माणसांत काम केलं. बरीच वाद्यं तो स्वतः वाजवतो. सॅक्सोफोनची जवळजवळ सगळी जात आणि वर गिटार, एवढं विन्सेंट हेन्री सांभाळतो, तर ट्रम्पेट आणि फ्लुगलहॉर्न ब्रूस पर्स. मोजक्याच माणसांत भरलेला वाद्यवृंद उभा करायची ही पद्धत. आमच्या मते रेमीला या अल्बमच्या श्रेयातला वाटा लोक फार कमी देतात.

रॉन्सनच्या गाण्यांवर वाजवणारे डॅप-किंग्ज म्हणजे कोण? एमीचाच बँड होता का तो? (संगीताची विद्यार्थिनी, पुणे)

नाही. डॅप-किंग्ज हा गायिका शॅरन जोन्सचा बँड, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. डॅपटोन ही त्यांची स्वतःची छोटी कंपनी. ती गॅब्रिएल रॉथ आणि टेनर सॅक्सोफोनवादक नील शुगरमन यांनी काढली, आणि कंपनीचा स्टुडिओ बुशविक भागातल्या एका जुन्या राहत्या घरात होता. 1960 च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतला सोल-फंक त्या काळच्या पद्धतीनेच मुद्रित करायचा, हा त्यांचा हट्ट. तेव्हा त्यांना बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं.

रॉन्सनने तयार बँडच घेतला, आणि हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. ड्रम्सवर होमर स्टाइनवाइस, बेसवर निक मॉवशन, गिटारवर बिंकी ग्रिपटाइट आणि टॉमस ब्रेनेक, पियानो आणि वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानोवर व्हिक्टर अ‍ॅक्सेलरॉड. फुंकवाद्यांत डेव्ह गाय (ट्रम्पेट), शुगरमन (टेनर) आणि इयन हेंड्रिक्सन-स्मिथ (बॅरिटोन सॅक्सोफोन). रॉथ एरवी या बँडचा बेसवादक, पण इथे तो ध्वनिमुद्रक म्हणून यंत्रांपाशी बसला. श्रेयनामावली वाचताना इथे अनेकांचा गोंधळ उडतो.

एमी त्या ध्वनिमुद्रणाला हजर नव्हती. बँडने ब्रुकलिनमध्ये टेपवर वाजवलं, ते पुढे कॉम्प्युटरवर घेतलं गेलं, आणि लंडनच्या मेट्रोपोलिस स्टुडिओत त्यावर पुढचे थर चढले. तिची आणि बँडची गाठ नंतर पडली. 2007 च्या अमेरिकन दौऱ्यात मात्र तेच तिच्या मागे उभे होते. इंग्लंडमधल्या तिच्या नेहमीच्या बँडचा संगीत-संचालक वेगळा : बेसवादक डेल डेव्हिस.

म्युझिक प्रोड्यूसर नेमकं करतो काय? पैसे घालतो का? (एक वाचक, लातूर)

पैसे कंपनी घालते. प्रोड्यूसर ठरवतो की गाणं कोणत्या चालीने चालेल, कोण वाजवेल, कुठे वाजवेल आणि कोणता टेक (वाजवण्याची कोणती खेप) राहील. आपल्या सिनेसंगीतात हे काम संगीतकार, अरेंजर (वाद्यरचना करणारा) आणि ध्वनिमुद्रक या तिघांत वाटलेलं असे.

शीर्षकगीताचंच उदाहरण घ्या. मार्च 2006 मध्ये एमी रॉन्सनला न्यूयॉर्कमध्ये भेटली आणि तिने शांग्री-लाज या 1960 च्या दशकातल्या मुलींच्या गटाची गाणी त्याला ऐकवली. त्या रात्री त्याने पियानोचे स्वरमेळ, पायाने वाजवायचा खालचा ड्रम आणि भरपूर घुमणारी खंजिरी, एवढंच तयार केलं. दुसऱ्या दिवशी तिला ते आवडलं आणि तिने त्यावर शब्द आणि चाल रचली. स्वरमेळ साधे आहेत : डी मायनर, जी मायनर, बी फ्लॅट, ए. पेटीवर पांढरी दोनला सा धरून वाजवून पाहा, कडवं लगेच सापडेल.

रेमीचं काम पाहायचं तर 2011 च्या डिसेंबरमध्ये, एमीच्या मृत्यूनंतर निघालेला ‘लायनेस : हिडन ट्रेझर्स’ ऐका. त्यात ‘टिअर्स ड्राय’चं मूळ रूप आहे, संथ आणि रडवेलं. अल्बमवर तेच गाणं उड्या मारत येतं, कारण त्याखाली अ‍ॅशफर्ड आणि सिम्प्सन यांच्या ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’चा पाया घातला आहे, आणि त्या दोघांना लेखनाचं श्रेयही दिलं आहे. शब्द दुःखाचे आणि चाल आनंदाची, हा ताण त्या एका निर्णयातून आला.

आमच्या कॉलेजच्या बँडला हा आवाज हवा आहे. चार चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, चार माइक आणि 12 बाय 15 फुटांची खोली आहे. टेप मशीन नाही. जमेल का? (बँडमधला ड्रमर, कोल्हापूर)

जमेल. टेपची चिंता सगळ्यात शेवटी करा, आवाजातला तिचा वाटा लहान आहे.

सुरुवात ड्रम्सपासून. खालच्या ड्रममध्ये घडी घातलेलं ब्लँकेट घाला, दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल इतकंच. स्नेअरच्या (खालून तारा लावलेल्या छोट्या ड्रमच्या) साधारण एक तृतीयांश भागावर सुती फडकं टाका आणि कडेला चिकटपट्टी लावा. कातडं नेहमीपेक्षा सैल ठेवा. सैल कातड्यावर काडी कमी उसळते, त्यामुळे जोर लावण्याचा मोह होईल. तो टाळा. या गाण्यांत ड्रमर जोरात वाजवत नाही, एकसारखा वाजवतो. झांजा तर शक्य तितक्या हळू, कारण कमी माइकमध्ये त्याच सगळ्यांवर चढतात.

ड्रम्सना दोनच माइक द्या. एक खालच्या ड्रमपासून 15 सेंमी समोर. दुसरा स्नेअरच्या मधोमध, वर साधारण 1 मीटर. दोन्ही माइक चालू करून एकाचं पोलॅरिटी बटण (आवाजाची लहर उलटी करणारं) उलटसुलट दाबून पाहा, ज्या स्थितीत खर्ज भरीव वाटेल ती ठेवा. हे न केल्यास ड्रम पोकळ येतो आणि मग लोक उगाच इक्वलायझरशी झटत बसतात.

तिसरा माइक बेसच्या अ‍ॅम्पला. बेसला जुन्या किंवा सपाट गुंडाळणीच्या तारा असाव्यात, नव्या कोऱ्या तारांची किणकिण इथे नको. चौथा माइक गिटार आणि कीबोर्ड या दोघांत मिळून. त्यांचे छोटे अ‍ॅम्प शेजारी ठेवा, आणि कोण मोठा वाटतो ते अ‍ॅम्प पुढेमागे सरकवून ठरवा, नंतर बदलता येणार नाही. जमिनीवर सतरंजी आणि एका भिंतीला गाद्या लावा. चारही भिंती झाकल्या की खोली मरते आणि मग हवा तो आवाजच जातो.

सगळे ड्रमपासून 2 ते 3 मीटरच्या आत बसा. आवाज 3 मीटर जायला सुमारे 9 मिलिसेकंद घेतो. एवढा उशीर कानाला जाडी म्हणून ऐकू येतो. पण मोठ्या सभागृहात 12 मीटरवर बसलात तर तोच 35 मिलिसेकंद होतो आणि ठेका चिखलात जातो. इंटरफेसवर सर्वात मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

आता बिघडतं कुठे ते. एकाची चूक सगळ्यांच्या माइकमध्ये शिरते, म्हणून गिटारवाला चुकला की सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. दुरुस्ती करू म्हणून चालत नाही. दुसरं, गायकाचा कच्चा आवाज खोलीत स्पीकरवर सोडू नका. तो ड्रमच्या माइकमध्ये जातो आणि पक्कं गाणं चढवल्यावर मागे भूत गातंय असं वाटतं. गायकाला दुसऱ्या खोलीत बसवा आणि बाकीच्यांना हेडफोन द्या. मिक्स करताना ड्रम्स डावी-उजवीकडे पसरवू नका. एका जागी ठेवा, 10 किलोहर्ट्झच्या वरचं थोडं उतरवा आणि मोनोत ऐकून खात्री करा. टेपचा परिणाम देणारं प्लगइन वापरायचंच तर इथे, आणि चिमूटभर.

बॅरिटोन सॅक्सोफोन आमच्याकडे नाही. तो वगळला तर? (वादक, सांगली)

वगळू नका, बदला. ‘रिहॅब’मध्ये फुंकवाद्यांच्या घोळक्याला जे वजन आहे ते बॅरिटोनचं. तो बेसच्या अंगाने चालतो आणि वरच्या ट्रम्पेटला पाय देतो. तुमच्याकडच्या लग्नाच्या बँडमधला युफोनियमवाला बोलवा. आवाज गोल येईल, सॅक्सोफोनची खरखर मिळणार नाही, पण जागा भरेल. क्लॅरिनेटने ती भरत नाही.

नोटेशन लिहिताना लक्ष ठेवा, यातली बरीच फुंकवाद्यं कागदावरच्या स्वरापेक्षा वेगळा स्वर काढतात. डी मायनरमधलं गाणं ट्रम्पेट आणि टेनरला ई मायनरमध्ये लिहून द्यायचं, बॅरिटोन सॅक्सोफोनला बी मायनरमध्ये. युफोनियमवाला खालच्या (बेस) क्लेफमध्ये वाचत असेल तर डी मायनरच, वरच्या (ट्रेबल) क्लेफमध्ये वाचत असेल तर ई मायनर. त्याला आधी विचारा. ट्रम्पेट, टेनर आणि बॅरिटोन किंवा युफोनियम, या तिघांना एकाच माइकभोवती 60 ते 90 सेंमीवर उभं करा. ट्रम्पेटने एक पाऊल मागे राहावं.

तंतुवाद्यं आणि मिक्सिंग कोणाचं? (एक वाचक, ठाणे)

तंतुवाद्यांची रचना क्रिस एलियटची, ध्वनिमुद्रण लंडनच्या मेट्रोपोलिसमध्ये. रॉन्सनच्या गाण्यांचं मिक्सिंग टॉम एल्महर्स्टने केलं, रेमीच्या गाण्यांचं गॅरी नोबलने, आणि मास्टरिंग (छापण्याआधीचा शेवटचा हात) स्टुअर्ट हॉक्सने. मागे गाणारे एडे ओमोटायो आणि झॅलन थॉम्पसन. एल्महर्स्टच्या कामाची अवघड बाजू अशी की वेगवेगळे करता न येणारे, एकमेकांत सांडलेले आवाज त्याच्या हाती आले होते, आणि त्यावर अगदी जवळून घेतलेला गळा बसवायचा होता. ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’ हेडफोनवर ऐका. गळा कानापाशी आणि वाद्यं चार पावलं मागे आहेत.

आपल्याकडच्या गोव्याच्या अरेंजर लोकांशी याची तुलना करावी का? (एक वाचक, मडगाव)

एका मर्यादेत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांनी मुंबईच्या सिनेसंगीतात स्वरमेळ आणि फुंकवाद्यांचे घोळके आणले. एका खोलीत, मोजक्या माइकवर, एका दमात वाजवण्याची शिस्त त्यांच्या वादकांकडेही होती, आणि ती नाइलाजाने होती. डॅप-किंग्जनी तीच 2006 मध्ये मुद्दाम निवडली. श्रेयाचा फरक मोठा आहे : गोव्याच्या वादकांची नावं बहुतेक तबकड्यांवर नाहीत, तर इथे पुस्तिकेत गाण्यागणिक कोणी काय वाजवलं ते छापलं आहे.

पैशाचा हिशेब मात्र तिथेही असाच रुक्ष आहे. साथीच्या वादकाला सहसा ठरलेलं मानधन मिळतं. लेखनाचं मानधन गाणं लिहिणाऱ्यांना मिळतं, प्रोड्यूसरला करारानुसार विक्रीचा वाटा मिळतो. ब्रिटनमध्ये रेडिओवर गाणं वाजलं की साथीदारालाही थोडं मिळतं, अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर वाजल्यास वादकाला काहीच नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये एमीला पाच ग्रॅमी मिळाले आणि रॉन्सनला वर्षातल्या सर्वोत्तम प्रोड्यूसरचा वेगळा.

माझ्या सीडीवर दहा गाणी आहेत, भावाच्या सीडीवर अकरा. माझी नकली का? (एक वाचक, नागपूर)

नाही. तुमची अमेरिकन आवृत्ती असावी. मार्च 2007 मध्ये तिकडे निघालेल्या अल्बमवर ‘अ‍ॅडिक्टेड’ नव्हतं, ब्रिटिश आवृत्तीवर ते शेवटचं गाणं आहे. भावाची सीडी दोन दिवस मागून घ्या.