नुसत्या काळ्या शाईतल्या डोंगराच्या चित्रात बघायचं तरी काय?

रंगच नाहीत तर बघायचं काय असं विचारलंयस, तर आधी कोरी जागा बघ. चिनी-जपानी शाईच्या चित्रात बहुतेक वेळा पांढरा रंग लावतच नाहीत, कागद तसाच सोडतात आणि त्याचंच धुकं होतं. जपानच्या सेश्शू नावाच्या चित्रकाराचं १५व्या शतकातलं हिवाळ्याचं चित्र नेटवर मोठं करून बघ, मधोमध कड्याची एक ठसठशीत काळी रेघ उभी वर जाते आणि जाता जाता हवेत विरते, खाली वाटेवर एवढासा माणूस चाललाय, तो दिसला की डोंगर एकदम केवढा तरी वाटायला लागतो.

बाकी खेळ पाण्याचा. पाणी जास्त की शाई फिकट म्हणजे लांबचं, घट्ट शाई म्हणजे जवळचं.

मला हे खरं कळलं पावागडच्या डोंगरामुळे. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले, पावसाळ्यात हालोलच्या रस्त्याला लागलं की समोर आधी नुसता राखाडी डाग दिसतो, मग कड उमटते, मग झाडं, हिरवं तर सगळ्यात शेवटी. चित्र बघताना घाई मात्र करू नकोस हं, पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही, बसून राहा.