वाचक विचारतात: बेसबॉलमध्ये थकलेला पिचर (बॉल टाकणारा) ठेवायचा की बदलायचा?

प्रश्न (टोरांटोहून एक वाचक): ताई, 1 नोव्हेंबर 2025 ची वर्ल्ड सिरीजची (बेसबॉलची अंतिम सिरीज, सातपैकी चार मॅच जिंकेल तो विजेता) सातवी मॅच अजून डोक्यातून जात नाहीये. नवव्या, म्हणजे नेहमीच्या शेवटच्या, इनिंगमध्ये आपले ब्लू जेज 4-3 ने पुढे, ट्रॉफीला फक्त दोन आऊट बाकी, आणि शेवटी आपल्याला हरवलं कुणी तर डॉजर्सच्या पिचर यामामोटोने, जो आदल्याच रात्री 96 पिच (बॉल) टाकून गेला होता. स्टार्टरला, म्हणजे मॅचची सुरुवात करणाऱ्या पिचरला, चार दिवस विश्रांती देतात ना? मग तो नियम प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) कुठे जातो?

उत्तर: दादा, आधी सांगते की तो नियम नाहीये, रिवाज आहे. सीझनमध्ये 162 मॅचेस, जवळजवळ रोज एक, म्हणून पाच स्टार्टर आळीपाळीने टाकतात आणि प्रत्येकाच्या हाताला मधे साधारण चार दिवस मिळतात. प्लेऑफमध्ये मात्र प्रवासाच्या सुट्ट्या येतात. वर्ल्ड सिरीजमध्ये दोन मॅच, सुट्टी, मग तीन मॅच, सुट्टी, मग उरलेल्या दोन. आता बोटांवर मोजून बघा, पहिली मॅच टाकलेला पिचर पाचवीला चार दिवस विश्रांती घेऊनच येतो, दुसरीवाला सहावीला पाच दिवसांनी, तिसरीवाला सातवीला परत चार दिवसांनी. म्हणजे चौथा स्टार्टर लागतो तो फक्त चौथ्या मॅचला आणि पाचवा लागतच नाही. म्हणून तो पाचवा बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागी) जाऊन बसतो. रोटेशनचं, म्हणजे या आळीपाळीचं, मुख्य गणित एवढंच.

पण सातव्या मॅचला हे गणितच उरत नाही, कारण उद्या मॅच नाही, हात राखून ठेवायचा तर कुणासाठी? डॉजर्सने ओटानीला तीनच दिवसांच्या विश्रांतीवर सुरुवातीला उतरवलं, ब्लू जेजच्या बिशेटने त्याला तीन रनांचा होमर (मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला, मग पुढे ग्लासनाऊ, स्नेल असे स्टार्टरच रिलीव्हर (मधेच बदली येणारे पिचर) म्हणून येत गेले आणि नवव्या इनिंगमध्ये एक आऊट, बेसवर दोन रनर असताना यामामोटो आला. 34 पिच, 2⅔ इनिंग, एकही रन नाही, बरोबरीमुळे लांबलेल्या मॅचच्या अकराव्यात डॉजर्सच्या स्मिथचा होमर आणि 5-4. तुमच्या टीमनेही वेगळं काही केलं नव्हतं हो, शर्झरने सुरुवात केली आणि येसावेज आणि बीबर हे स्टार्टरच मागून आले, त्यामुळे मॅनेजरला दोष द्यायला माझं मन धजत नाही. 1993 नंतर पहिल्यांदा ट्रॉफी इतकी जवळ आली होती, तुमचं दुःख कळतं मला.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 2014 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जायंट्सच्या पिचर बमगार्नरने पाचवी मॅच एकट्याने 117 पिचमध्ये संपवली, रॉयल्सला एकही रन दिला नाही, आणि मधे फक्त दोन दिवस जाऊन सातव्यात परत येऊन 5 इनिंग टाकल्या, 68 पिच. 3-2 ने जिंकले.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): मी पहाटे उठून मॅच बघतो. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये डॉजर्सविरुद्ध रेज टीमच्या मॅनेजरने तेव्हा त्यांच्याकडे असलेल्या स्नेलला 73 पिचवरच काढलं ते बरोबर होतं का? माझे मित्र म्हणतात आकडेवारीने खेळाचा जीव घेतला.

उत्तर: मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो, पण तुमच्या मित्रांच्या कारणासाठी नाही. आकडा खोटा नाहीये. बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा, म्हणजे तिसऱ्या फेरीत, बघतो तेव्हा त्याला बॉल लवकर ओळखू यायला लागतो, हे खूप वर्षांच्या मॅचेसमधून दिसलंय. 2003 च्या प्लेऑफमध्ये रेड सॉक्सचा मॅनेजर लिटल याने याच्या उलट केलं, आठव्या इनिंगमध्ये 5-2 ने पुढे असताना दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला ठेवला, यँकीजनी बरोबरी केली आणि अकराव्यात आरन बूनच्या होमरने मॅच गेली, लिटलची नोकरीही गेली.

म्हणजे पिचर दमलाय का एवढंच विचारून भागत नाही, त्याच्या जागी येणारा आत्ता, या क्षणी, याच्यापेक्षा बरा आहे का हे बघायला हवं. स्नेलने 9 स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) घेतले होते, दोनच हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) दिल्या होत्या, 1-0 ने पुढे, आणि पुढचे तीन बॅटर बेट्स, सीगर, टर्नर हे त्याच्यासमोर सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआऊट झाले होते. आणि आला कोण तर रिलीव्हर अँडरसन, जो सीझनमध्ये भारी होता पण प्लेऑफमध्ये आधीच्या सलग सहा मॅचमध्ये रन देऊन आला होता! बेट्सने डबल (दोन बेस पळता येणारा फटका) मारला, वाइल्ड पिचवर (भलतीकडे गेलेल्या बॉलवर) बरोबरी झाली, मग डॉजर्स पुढे गेले आणि 3-1 ने सिरीज संपली. तिसऱ्या फेरीचा आकडा धरला पण अँडरसनचा ताजा आकडा सोडला, माझा राग त्यावर आहे.

2016 मध्ये ओरिओल्सचं याहून वाईट झालं. एकच मॅच, हरलात की घरी, आणि 47 पैकी 47 सेव्ह (आघाडी राखून मॅच संपवणं) केलेला पिचर ब्रिटन बुलपेनमध्ये बसून राहिला, का तर आघाडी मिळाली की वापरू म्हणून. शेवटच्या इनिंग्जमध्ये आघाडी आलीच नाही. अकराव्यात ब्रिटनऐवजी टाकणाऱ्या हिमेनेझला समोरच्या टीमच्या एन्कार्नासियोनने तीन रनांचा होमर मारला.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक आई): माझा मुलगा 12 वर्षांचा, लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) पिचर. शनिवारी त्याने 70 पिच टाकले, आणि कोच म्हणतायत मंगळवारच्या फायनलला त्यालाच टाकू दे, मोठे लोक नाही का टाकत. मुलगाही हट्ट धरून बसलाय. काय करू?

उत्तर: नाही म्हणा, आणि आजच कोचना फोन करा. लिटल लीगमध्ये हे रिवाजावर सोडलेलं नाही, लेखी नियम आहे. 14 वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात 66 किंवा जास्त पिच टाकले की चार पूर्ण दिवस विश्रांती, म्हणजे शनिवारनंतर तो थेट गुरुवारीच टाकू शकतो. त्याच्या वयाला दिवसाची कमाल 85 आहे. यामामोटो आणि बमगार्नर वाढ पूर्ण झालेली माणसं आहेत, रोज डॉक्टर आणि ट्रेनर हात तपासतात, आणि तरीही कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन, जे 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनवर पहिल्यांदा केलं, ते आज कितीतरी पिचरना करावं लागतं आणि परत टाकायला वर्षभर तरी जातं. तुमच्या मुलाची तर हाडं अजून वाढतायत.

त्याला फायनल खेळू दे की, फर्स्ट बेसवर उभा राहू दे, बॅटिंग करू दे. आणि इथून पुढे त्याचे पिच तुम्ही स्वतः मोजा, वहीत तारखेसकट लिहा, कारण 41 किंवा जास्त टाकले की त्याच दिवशी कॅचर (बॅटरमागे बसून बॉल पकडणारा) म्हणूनही त्याला उभं करता येत नाही आणि हे मॅचच्या गडबडीत बऱ्याचदा विसरलं जातं. कोपर किंवा खांदा दुखतोय का हे रोज रात्री विचारा, पण कोचसमोर नको, टीमसमोर मुलं दुखणं लपवतात.