वाचकांचे प्रश्न : शाळेसाठी गाव बदलताना

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याच्या घरात राहतो. माझे पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि मी घरूनच काही व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे, मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. शाळेची फी, रिक्षा, शिकवणी यांत पगाराचा मोठा वाटा जातो आणि संध्याकाळी मुले खेळायला खाली उतरतील अशी जागाही नाही. गारगोटीला नणंद राहते. तिची मुले चालत शाळेत जातात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी शाळेतच होते, आणि तिच्या ओळखीतली काही मुले नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेतही लागली आहेत. आम्हीही गारगोटीला जावे असे मला वाटते. सासूबाई म्हणतात, अख्खा तालुका शिकायला कोल्हापुरात येतो आणि तुम्ही उलटी गंगा वाहवायला निघालात. आपले मत काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा आधार आहे, तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर वेगवेगळ्या समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघाली, ती खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात राहून शिकता यावे म्हणूनच. मात्र त्याच महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करून शाळा गावात नेण्याचाही प्रयत्न केला, हे त्या वसतिगृहांच्या कौतुकात आपण विसरतो. तुम्ही ज्या गारगोटीचा विचार करता आहात, तेथील मौनी विद्यापीठ ही शिक्षणसंस्था उभी करणारे जे. पी. नाईक हे याच जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातले. पुढे ते १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले आणि परिसरातल्या सर्व थरांतल्या मुलांनी परिसरातल्या एकाच शाळेत शिकावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. नणंदेची मुले चालत जातात ती शाळा पाहून तुम्हाला जे आवडले, ते याहून फारसे वेगळे नाही.

माझे मत विचाराल तर जाण्यात काही गैर नाही. मात्र शाळेच्या नावावर भाळून जाऊ नका. तालुक्याच्या गावातली शाळा चांगली आहे असे लोक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्या शाळेतले दोन किंवा तीन शिक्षक चांगले आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. तेव्हा ते शिक्षक तेथे किती वर्षे राहणार, हा तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या होतात. शिष्यवृत्तीला मुले बसवणारे, सुट्टीतही वर्ग घेणारे गुरुजी बदलून गेले की दोन वर्षांत शाळेचा नूर पालटल्याची उदाहरणे प्रत्येक केंद्रात सापडतील. ज्यांच्या शिकवण्यामुळे तुम्ही घर हलवणार आहात त्या गुरुजींची किंवा बाईंची त्या शाळेत किती वर्षे झाली, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. त्यात कोणाला राग येण्याचे कारण नाही. संस्थेच्या अनुदानित शाळांत बदली झाली तरी ती संस्थेच्याच दुसऱ्या शाखेत होते, त्यामुळे तेथे माणसे जास्त टिकतात. पण तेथे दुसरीच अडचण असते : निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा लवकर भरली जात नाही आणि गणित किंवा विज्ञान तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर आलेला एखादा तरुण शिकवत असतो. तो उत्तम शिकवत असेलही, पण पुढच्या जूनमध्ये तो तेथे असेल याची हमी त्यालाही नसते.

पटसंख्याही पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, म्हणजे लहान शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता येतात. एवढ्यावरून शाळा वाईट ठरत नाही. हाडाचा शिक्षक असला तर तिसरीची मुले चौथीचे ऐकून पुढे जातात. मात्र तुमची मुलगी एका इयत्तेच्या मोठ्या वर्गाला सरावलेली आहे, तिला हा बदल आधी दाखवलेला बरा.

शाळा पाहायला जाल तेव्हा गॅदरिंगच्या किंवा झेंडावंदनाच्या दिवशी जाऊ नका. पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, परिपाठाच्या वेळेला जा. व्हरांड्यातल्या फळ्यावर इयत्तावार पट आणि हजेरी खडूने लिहिलेली असते. त्यावरची तारीख आजची आहे की मागच्या आठवड्याची, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. कार्यालयातल्या कपाटातल्या ढाली पाहायच्या असतील तर पाहा, पण त्याआधी चौथीतल्या मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागा. भागाकाराचे उदाहरण चुकले असेल तर लाल शाईने नुसती फुली मारली आहे, की हातचा कुठे राहिला तेथे गोल करून मुलाकडून ते उदाहरण खाली पुन्हा सोडवून घेतले आहे? सगळ्या पानांवर एकाच दिवशी केलेल्या सह्या असतील, तर त्या वहीबद्दल आणखी काही विचारण्याची गरज नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि आत पाणी येते का, हेही स्वतः जाऊन पाहावे. हा प्रश्न वडील विचारत नाहीत, म्हणून आईने विचारावा.

आता नवोदयविषयी, कारण तुमच्या पत्रात ती आशा आहे आणि तिचे नियम पुष्कळ पालकांना उशिरा कळतात. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय कागलला आहे. प्रवेश सहावीत होतो, जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि निवड परीक्षेला बसणारे मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावे लागते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. मात्र त्यांचा लाभ मिळण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी गणले जाते. तुमची मुलगी आज कोल्हापुरात तिसरीत आहे, म्हणजे तिच्यासाठी हा दरवाजा बंद झाला आहे. ती परीक्षेला बसू शकेल, पण उरलेल्या जागांसाठी. मुलाला मात्र तो पूर्ण उघडा आहे. त्यातही एक मेख आहे : गाव लहान वाटले म्हणून ते या नियमात ग्रामीण ठरत नाही. गडहिंग्लज, कागल, मुरगूड येथे नगरपरिषदा आहेत. त्यामुळे तुम्ही निवडाल त्या शाळेचा परिसर ग्रामीण धरला जातो की शहरी, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारून घ्या आणि मगच भाड्याचे घर ठरवा. तरीही मुलाच्या नवोदयसाठी म्हणून गाव बदलू नका, असेच मी सांगेन. ऐंशी जागांच्या भरवशावर घर हलवणे हा हिशेब, हिशेब लिहिणाऱ्या बाईंना मी काय सांगावा!

मुले लहान असताना चर्चा पहिलीची आणि तिसरीची होते, पण तुम्हाला अकरावीचाही विचार आजच केला पाहिजे. दहावीपर्यंत तालुक्याच्या गावात काही अडत नाही. पुढे विज्ञान शाखा, अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयची प्रवेश परीक्षा आणि तिचे खासगी वर्ग म्हटले की बहुतेक मुले कोल्हापूरची वाट धरतात आणि सासूबाईंची गंगा पुन्हा मूळ दिशेने वाहू लागते. म्हणजे आठ वर्षांनी मुलगी कोल्हापुरात वसतिगृहावर राहील किंवा तुम्ही सगळे परत याल. यात वाईट काहीच नाही. फक्त कोल्हापुरात स्वतःचे घर घेण्याचा बेत असेल, तर तो गारगोटीच्या स्वस्त भाड्यात विरघळू देऊ नका, कारण परतताना भाव आजचे नसतील.

सर्वांत जास्त भार तुमच्या पतींवर पडणार आहे. गारगोटी कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटर आहे. उन्हाळ्यात हे अंतर काही वाटत नाही, पण गळीत हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागे अंधारात दुचाकी चालवणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याने रोज येणाऱ्या एखाद्या कामगाराला विचारावे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, फुटलेला रस्ता आणि पाण्याखाली जाणारे पूल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जिल्ह्यातले किती रस्ते बंद झाले होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पाळी बदलती असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. मुलांना दिवसभर मोकळे मैदान मिळाले आणि बाप फक्त रविवारी दिसला, तर हा व्यवहार फायद्याचा झाला असे मी म्हणणार नाही. कंपनीत पहिल्या पाळीची नोकरी कायम मिळते का, हे आधी विचारा. त्या उत्तरावर बाकीचे पुष्कळ काही ठरेल.

तुमच्यासाठी मात्र तेथे एक जागा आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अनेक ठिकाणी या सभा सह्यांपुरत्या होतात, कारण आलेल्या निधीचा तक्ता वाचता येणारे कोणी बसलेले नसते. शहरातल्या महागड्या शाळेत तुम्ही फी भरणाऱ्या पालक असता. येथे खर्चाचा कागद मागण्याचा तुम्हाला अधिकार असतो, आणि तो कसा वाचावा हे तुम्हाला येते.

एकंदरीत, पतींच्या पाळीचे जमत असेल तर मुलाला पहिलीपासूनच तेथे घाला आणि मुलीलाही चौथीच्या आरंभी, जूनमध्येच न्या. वर्षाच्या मध्ये नेऊ नका. पाळीचे जमत नसेल, तर गारगोटीचा हट्ट सोडून कागलच्या किंवा शिरगावच्या आसपासच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पाहा. त्यांतल्या काही नणंदेच्या गावातल्या शाळांना हार जाणार नाहीत.

प्रश्न : आम्ही पुण्याहून गडहिंग्लजला परत येण्याच्या विचारात आहोत. मुलगा इंग्रजी माध्यमात सहावीत आहे. घरी मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. त्याला तेथे मराठी शाळेत घालावे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : सेमी-इंग्रजीचा वर्ग असलेल्या शाळेत घाला. तेथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते, त्यामुळे या दोन विषयांत त्याचे पाऊल मागे पडणार नाही. खरा त्रास इतिहास-भूगोलात होईल, आणि तोही समजण्यात कमी, लिहिण्यात जास्त. मराठी बोलणाऱ्या मुलाला स्वराज्याच्या स्थापनेचा धडा ऐकून कळतो, पण परीक्षेत पाच ओळींचे उत्तर लिहिताना जोडाक्षरे आडवी येतात आणि वेळ संपतो. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज अर्धे पान शुद्धलेखन आणि वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचणे एवढे नेमाने करून घ्या. शिकवणी लावू नका. सातवीच्या जूनपर्यंत हा बदल झाला तर दहावीला पुरेशी वर्षे हाताशी राहतात. आठवी उलटल्यावर माध्यम बदलण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. शिवाय मुलाला आधी सांगा की पहिली चाचणी वाईट जाईल, आणि ती गेली की रागावू नका. पुण्याहून आलेला म्हणून वर्गात पहिले काही दिवस त्याच्या बोलण्याची नक्कल होईल. गडहिंग्लजच्या बोलीत तो स्वतः ‘काय करायलास?’ म्हणू लागला की ती आपोआप थांबेल.

प्रश्न : गावी राहायला जात असल्याने पाचवीतल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला, तर थकलेली फी भरल्याशिवाय दाखला देणार नाही असे शाळा सांगते. गावातली शाळा दाखल्याशिवाय प्रवेश देईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : द्यावाच लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शाळा बदलणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. ही तरतूद आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे, म्हणून पाचवीच्या मुलीला ती पूर्ण लागू आहे. दाखल्याची मागणी लेखी करा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या आणि त्या प्रतीसह नव्या शाळेत जन्माचा दाखला व आधार कार्ड दाखवून प्रवेश घ्या. जुन्या शाळेकडून ऑनलाइन नोंद हस्तांतरित करून घेण्याचा पाठपुरावा नवे मुख्याध्यापक करतील. पोच द्यायलाही शाळा तयार नसेल, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. फीची थकबाकी खरी असेल तर ती हप्त्याने फेडण्याचे वेगळे पत्र द्या. दाखल्याच्या अर्जात तिचा उल्लेख करू नका.